एका लिटरात किती वाट?

जुनी मोटार विकत घ्यायला निघालेला माणूस विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो हा : "अ‍ॅव्हरेज किती देते?" विकणाऱ्याचेही उत्तर तयार असते. "हायवेला बावीस-तेवीस कुठं गेले नाहीत, साहेब!" या एका आकड्यावर दोन-चार लाखांचे व्यवहार ठरतात. गंमत अशी की, हा आकडा एकट्या गाडीचा नसतोच. तो गाडीचा असतो, रस्त्याचा असतो, चालवणाऱ्याच्या उजव्या पायाचा असतो आणि गाडीला वाट करून देणाऱ्या हवेचाही असतो. तेव्हा तो कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतः काढलेला बरा. तो काढायला फार मोठे गणित लागत नाही. बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती हे चार शब्द तुमच्या शालेय पुस्तकात आहेतच. तेवढे भांडवल पुरते.

हिशेबाला खरा प्रसंग असला की आकड्यांत जीव येतो. माझे एक सहकारी, मराठीचे प्राध्यापक, राहतात साताऱ्यात आणि शिकवतात कऱ्हाडला. अंतर सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १००. इतकी वर्षे ते एसटीने जात. आता वडिलांचे डायलिसिस सुरू झाले आहे. आठवड्यातून दोनदा, दुपारी साडेतीनला, त्यांना रुग्णालयात पोचवायचे असते. दीडला तास संपतो. फाट्यावर उभे राहून बस मिळाली तर मिळाली. रेल्वे आहे, पण साताऱ्याचे स्टेशन माहुलीला आणि कऱ्हाडचे ओगलेवाडीला, दोन्ही गावाबाहेर. शिवाय गाडीच्या वेळा काही डायलिसिसच्या वेळा पाहून ठरत नाहीत. पतपेढीचे कर्ज आणि थोडी शिल्लक मिळून चार लाखांच्या आत बसेल अशी वापरलेली मोटार घ्यावी असे घरात ठरले. चूक झाली तर पुन्हा चार लाख उभे करण्याची सोय नव्हती. "तुम्ही फिजिक्सवाले, सांगा कुठली घेऊ", असे ते म्हणाले, आणि आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम पाहू, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला इंजिनाची गरजच काय? न्यूटनचा पहिला नियम तर सांगतो की, बाहेरून बल लागले नाही तर वस्तू त्याच वेगाने जात राहील. अगदी बरोबर. पण मोटारीवर दोन बले सतत मागे ओढत असतात, आणि त्यांना पुरून उरण्यापुरतेच इंजिनाचे काम असते.

पहिले बल टायरांचे. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दबतो, पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात रबर गरम होते. लांब प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा. ती ऊष्णता पेट्रोलमधून आलेली असते. साध्या टायरांसाठी हे बल गाडीच्या वजनाच्या सुमारे सव्वा टक्का असते, आपण १.२ टक्के धरू. लहान मोटार, चालक आणि त्याची पिशवी मिळून ९०० किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर वजन ८,८२० न्यूटन आणि टायरांचा रोध सुमारे १०६ न्यूटन. वेग वाढला तरी यात फारसा फरक पडत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर मात्र तो वाढतो, कारण रबर अधिक दबते.

दुसरे बल हवेचे, आणि हे मोठे लबाड आहे. सायकल हळू चालवताना ते जाणवतही नाही. उतारावर मात्र कानांत घोंगावू लागते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यात हवेची घनता, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकाराचा एक गुणांक येतो. लहान मोटारीसाठी घनता १.२, क्षेत्रफळ २ चौरस मीटर आणि गुणांक ०.३५ धरू. या सगळ्यांचा गुणाकार करून निम्मा केला की ०.४२ येतात. याला मीटर-प्रतिसेकंदातील वेगाच्या वर्गाने गुणायचे की झाले.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. हवेचा रोध सुमारे ११७ न्यूटन. टायरांच्या जवळपास बरोबरीचा. दोन्ही मिळून २२३. ताशी ८० ला हवेचा रोध २०७ होतो, एकूण ३१३. ताशी १०० ला एकटी हवाच ३२४ न्यूटनांनी ओढते आणि बेरीज ४३० वर जाते. साठाचे शंभर केले, वेग दुपटीहूनही कमी वाढला, पण मागे ओढणारे बल मात्र जवळजवळ दुप्पट झाले.

बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. तेव्हा ताशी ६० ने एक किलोमीटर जायला २,२३,००० ज्यूल, म्हणजे ०.२२३ मेगाज्यूल ऊर्जा चाकांपाशी हवी. ताशी ८० ला ०.३१३, ताशी १०० ला ०.४३०.

आता दुकानात काय मिळते ते पाहू. एक लिटर शुद्ध पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊष्णता मिळते. इथेनॉलच्या एका लिटरात मात्र २१ च्या आसपासच असते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच येऊन बसलेला असतो. तो भाग जणू अगोदरच थोडा जळालेला आहे. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. अशा मिश्रणाच्या लिटरात सुमारे ३० मेगाज्यूल उरतात, म्हणजे ६ ते ७ टक्के घट. जुनी गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी म्हणून बनवलेल्या नाहीत, त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि वॉशर मिस्त्रीकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

या ३० मेगाज्यूलपैकी चाकांपर्यंत किती पोचतात? सोळा आणे तर नाहीतच, चार आणेही पुष्कळदा नाहीत. ऊष्णतेचे संपूर्ण रूपांतर कार्यात करता येत नाही, हे फ्रान्सच्या सादी कार्नो या तरुण इंजिनीयरने १८२४ सालीच दाखवून दिले. मोटार तर त्याने सांगितलेल्या मर्यादेच्याही पुष्कळ अलीकडे थांबते. एक मोठा वाटा धुराड्यातून गरम धुराबरोबर जातो, दुसरा रेडिएटर घेऊन जातो, काही दट्ट्या, बेअरिंगे आणि गिअर यांच्या घर्षणात जिरतो. साधारण पाचवा हिस्सा चाकांना मिळतो असे धरू. म्हणजे लिटरामागे ६ मेगाज्यूल.

आता भागाकार करा. ताशी ६० ला ६ भागिले ०.२२३, म्हणजे २७ किलोमीटर. ताशी ८० ला १९. ताशी १०० ला १४. एकच गाडी, एकच रस्ता, एकच पेट्रोल! प्रत्यक्षात फरक याहून थोडा कमी पडतो, कारण जास्त भाराखाली इंजिन जरा अधिक कार्यक्षमतेने चालते. पण कल हाच. आता सांगा, "बावीस-तेवीस" म्हणणारा खरे बोलतो की खोटे? दोन्ही शक्य आहे. वेग सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

कंपनीच्या पत्रकातला आकडा तरी मग कुठून येतो? तो मोकळ्या रस्त्यावर काढलेला नसतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. अशा ठिकाणी गाडी रुळांवर उभी करून ठराविक क्रमाने पळवतात, थांबवतात, पुन्हा पळवतात. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्याने त्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. पण त्या परीक्षेत सामान्यतः ना उंब्रजजवळची ट्रकची रांग असते, ना मे महिन्यातील एअर कंडिशनर. रस्त्यावरचा आकडा त्याहून कमीच भरतो.

पाच घोडे आणि पन्नास घोडे

माझ्या सहकाऱ्यांना वाटे की, मोठे इंजिन "आरामात" चालते म्हणून पेट्रोल कमी खाते. पुष्कळांचा हा समज असतो. आपण शक्ती काढू. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ताशी ६० ला २२३ न्यूटन गुणिले १६.७, म्हणजे ३,७०० वॅट; एक अश्वशक्ती ७४६ वॅटची, तेव्हा पाच घोडे झाले. ताशी ८० ला नऊ-साडेनऊ. लहानात लहान मोटारीच्या इंजिनातसुद्धा चाळीस-पन्नास घोडे असतात. म्हणजे पन्नासांपैकी पाचच नांगराला, उरलेले गोठ्यात. पण वैरण सगळ्यांनाच.

ही वैरण कशी जाते ते समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल इंजिनात शक्ती कमी हवी असेल तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्या खाली जाताना त्या फटीतून हवा ओढतो. नाक अर्धे दाबून श्वास घेऊन पाहा, किती कष्ट पडतात! तेच कष्ट इंजिनाला पडतात आणि ते पेट्रोलमधून भरून निघतात. शिवाय दट्ट्यांचे घर्षण आहेच, ते गाडी हळू चालली म्हणून माफ होत नाही. इंजिन जितके मोठे आणि काम जितके हलके, तितका हा नासाडीचा वाटा मोठा. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे आणि ८०० घनसेंटिमीटरांहूनही किंचित लहान होते, गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. ती ३० वर्षे विकली गेली यात तिच्या किमतीइतकाच या गणिताचाही वाटा होता असे मला वाटते.

डिझेल इंजिनात ही झडप लागत नाही. हवा मोकळेपणी आत येते, खूप दाबली जाते, इतकी की तिच्या ऊष्णतेनेच डिझेल पेटते; आणि शक्तीचे नियमन इंधन कमी-जास्त फवारून होते. रुडॉल्फ डीझेलच्या १८९७ सालच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवली होती. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. म्हणून डिझेलगाडीचे अ‍ॅव्हरेज जास्त. पण त्यात एक छुपा भागही आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा घन असते. लिटरामागे त्यात ३२ नव्हे, ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. जास्तीच्या अ‍ॅव्हरेजमधला एक वाटा इंजिनाच्या हुशारीचा नसून नुसता मापाचा आहे.

आता रस्ता. साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना वाट कृष्णेच्या खोऱ्याने उतरत जाते. उतार एकूण दीडशे मीटरांचा धरू. म्हणजे संध्याकाळी परतताना ९०० किलोची गाडी दीडशे मीटर वर चढवायची. त्याला सुमारे १.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. जवळपास सहा किलोमीटर सपाट रस्त्याइतकी. ही वाया गेली का? नाही. हा उतार ५० किलोमीटरांत पसरलेला आहे, म्हणजे ०.३ टक्के. टायरांचा रोध १.२ टक्के. उतार इतका सौम्य की, सकाळी खाली जाताना ब्रेकला हात लावावा लागत नाही. गुरुत्वाकर्षण तेवढी ऊर्जा जशीच्या तशी परत देते. खंबाटकीसारख्या घाटात हे होत नाही. तेथे उतरताना ब्रेक लावावे लागतात आणि चढताना साठवलेली ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते.

तोच प्रकार थांबण्याचा. ताशी ६० ने जाणाऱ्या आपल्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे सव्वा लाख ज्यूल. एकदा ब्रेक दाबून पूर्ण थांबलात की अर्ध्या किलोमीटरहून अधिक वाटेचे इंधन गेले. म्हणून शहरात हलकी गाडी महत्त्वाची आणि महामार्गावर वेग व आकार. सहकाऱ्यांच्या वाटेवर ४५ किलोमीटर महामार्ग आणि पाचेक किलोमीटर गावातले. त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त "सुटा भाग" कोणता असेल तर तो उजवा पाय. साठाऐवजी ऐंशीने गेले तर ५० किलोमीटरांत साडेबारा मिनिटे वाचतात आणि आपल्या हिशेबाने पाऊण लिटर पेट्रोल जास्त जाते. १०५ रुपये भावाने ८० रुपये. डायलिसिसच्या दिवशी ते द्यावेत, एरवी देऊ नयेत, असे आमचे ठरले. एअर कंडिशनर एक-दोन किलोवॅट मागतो. ताशी ६० ला चाकांना ३.७ किलोवॅट पुरतात हे आठवले म्हणजे तो लहान खर्च नव्हे हे कळेल. पण एप्रिलच्या दुपारी घामाने डबडबून रुग्णालयात पोचण्यात मला शहाणपण दिसत नाही.

तीन गाड्या, तीन रेषा

पाहण्यात आलेल्या गाड्यांतून तीन उरल्या. पहिली लहान पेट्रोलची, २०१६ ची, मागणी २ लाख ४० हजार. दुसरी डिझेलची, २०१५ ची, ३ लाख ६० हजार. तिसरी कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली, २०१९ च्या अखेरची, ३ लाख ९० हजार. वर्षाला २४० दिवस कामाचे, म्हणजे २४,००० किलोमीटर. रस्त्यावरचे अ‍ॅव्हरेज पेट्रोलचे २०, डिझेलचे २३, सीएनजीचे किलोला २६ धरले. भाव पेट्रोल १०५, डिझेल ९२ आणि सीएनजीही ९२ रुपये. तुम्ही वाचाल तेव्हा भाव बदललेले असतील. नवे घालून हिशेब पुन्हा करा.

इंधनाचा वर्षाचा खर्च असा निघाला : पेट्रोल १ लाख २६ हजार, डिझेल ९६ हजार, सीएनजी ८५ हजार. येथेच थांबले तर डिझेलगाडी पेट्रोलपेक्षा ३० हजारांनी स्वस्त. बहुतेक लोक येथेच थांबतात.

पण गाडी उभी असली तरी खर्च चालूच असतो. गुंतलेल्या रकमेवर १० टक्के व्याज. दरवर्षी उतरणारी किंमत : पाच वर्षांनी गाड्या अनुक्रमे १ लाख, १ लाख ३५ हजार आणि १ लाख ९० हजारांना जातील असा अंदाज केला. मग देखभाल. जुन्या डिझेलगाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो बिघडले की एकदम मोठी रक्कम जाते, म्हणून पेट्रोलला २० हजार, सीएनजीला २२ आणि डिझेलला ३५ धरले. किलोमीटरांशी फारसा संबंध नसलेले हे वार्षिक ओझे पेट्रोलगाडीला ७२ हजार, डिझेलला १ लाख १६ हजार, सीएनजीला १ लाख १ हजार. विमा तिघींचा साधारण सारखा म्हणून सोडून दिला. इंधन मिळवले की पेट्रोल १ लाख ९८ हजार, डिझेल २ लाख १२ हजार, सीएनजी १ लाख ८६ हजार. अ‍ॅव्हरेजमध्ये पेट्रोलच्या पुढे असलेली डिझेलगाडी एकूण खर्चात सर्वांत महाग!

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर वर्षाचे किलोमीटर, उभ्यावर रुपये. प्रत्येक गाडीची एक सरळ रेषा येते. उभ्या अक्षावरचा तिचा आंतरछेद म्हणजे ते वार्षिक ओझे आणि तिचा चढ म्हणजे किलोमीटरमागे इंधनखर्च : पेट्रोल ५ रुपये २५ पैसे, डिझेल ४ रुपये, सीएनजी ३ रुपये ५४ पैसे. पेट्रोल आणि सीएनजीच्या रेषा १७,००० किलोमीटरांपाशी छेदतात, म्हणजे रोजच्या सुमारे ७० किलोमीटरांपाशी. त्याच्या अलीकडे पेट्रोलगाडी स्वस्त, पलीकडे सीएनजी. डिझेल पेट्रोलला गाठते ती थेट ३५,००० च्या पुढे आणि सीएनजीला ती गाठतच नाही. कऱ्हाडऐवजी नोकरी उंब्रजला असती तर सहकाऱ्यांनी निश्चिंतपणे पहिली गाडी घ्यावी असे मी सांगितले असते. "कुठली गाडी चांगली" याला उत्तर नाही. किती चालवणार हे सांगितले की उत्तर निघते. शिक्षकांनी समीकरणांच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. मुले स्वतःच्या घरच्या दुचाकीवर ते करून आणतील.

विजेच्या मोटारीचे काय, असे कोणी विचारील. तिची मोटर ऊर्जेचा फार थोडा भाग फुकट घालवते आणि उतारावर ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत येते. इतक्या लांब रोजच्या प्रवासाला ती उत्तमच. पण वापरलेल्या गाडीत बॅटरीची किती क्षमता शिल्लक आहे यावर सगळा व्यवहार ठरतो, आणि चार लाखांत विश्वासाने घ्यावी अशी त्यांना मिळाली नाही.

सीएनजीची एक कटकट सांगितली पाहिजे. ६० लिटरांच्या टाकीत २०० बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दोनशेपट दाबाने, भरून आठ-नऊ किलो वायू मावतो. रोज १०० किलोमीटर म्हणजे दर दोन दिवसांनी पंपावर रांग. डिकीतली जागा जाते ती वेगळीच. आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी झालेली असलीच पाहिजे. तारखेचा दाखला पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये. ही चाचणी टाकीत पाणी भरून करतात. पाणीच का? पाणी दाबले तरी आकारमानाने फारसे कमी होत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फार साठत नाही. टाकी फुटलीच तर पाणी नुसते सांडते. त्याच दाबाची हवा भरली असती तर तो बाँबच झाला असता.

तिसऱ्या गाडीच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती आणि ती रुपयांत मोजण्याजोगी नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ही गाडी त्यानंतरची. तिच्यात एबीएस ब्रेकही होते. पहिल्या गाडीत दोन्ही नव्हते. ताशी ६० वरून थांबायला चांगल्या रस्त्यावर सुमारे २० मीटर लागतात, ८० वरून ३५. आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी १७ किंवा २२ मीटर गेलेले असतात. ट्रकच्या मागे, दमलेल्या डोळ्यांनी, वर्षातले २४० दिवस जायचे आहे. पेट्रोलगाडी चार-दोन हजारांनी स्वस्त पडली असती तरी मी तिसरीच घ्या म्हणालो असतो.

कागदावर ठरले तरी गाडी पाहावी लागतेच. मीटरवरचे किलोमीटर खाली आणता येतात, पण क्लचच्या पायरीचे झिजलेले रबर पुन्हा उगवत नाही. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. "२३१९" म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर ३० हजारांचे आणि चारही टायर २०२३ चे असतील तर विचारावे : इतक्या थोड्या चालीत टायर संपले कसे? थंड इंजिन सुरू करायला लावावे आणि धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे दट्ट्याच्या कड्यांतून तेल वर येऊन जळते आहे. काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला, तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरात शिरते आहे. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजता येतो. सगळ्यांत तो सारखा निघाला पाहिजे. शेवटची चाचणी न्यूटनची. मोकळ्या सपाट मैदानावर ताशी २० वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. हे काम मोठ्यांचे. टायरांचा रोध १.२ टक्के असेल तर गाडी सव्वाशे मीटरांच्या आसपास घरंगळत जाते. ऐंशीवरच थांबली तर ब्रेक चिकटत आहेत किंवा टायरांत हवा नाही.

गाडी आली. दोन महिने त्यांनी टाकी भरल्यापासून टाकी भरेपर्यंतचा हिशेब वहीत ठेवला : किलोला २७.१ आणि २६.४. पण त्या वहीतील मला आवडलेले पान वेगळे आहे. कऱ्हाडला शिकवणारे साताऱ्याचे आणखी तिघे आता त्यांच्याबरोबर येतात. तीन माणसे म्हणजे १८० किलो. टायरांचा रोध २१ न्यूटनांनी वाढतो, २२३ चे २४४ होतात. इंधन दहा टक्क्यांहूनही कमी वाढले आणि माणसे चौपट झाली. एकट्याने जाणारा लिटरभर पेट्रोलवर एका माणसाला २० किलोमीटर नेतो. चौघे मिळून एका लिटरात ७० हून अधिक माणूस-किलोमीटर जातात. एसटीची बस लिटरला चार-साडेचार किलोमीटरच जाते खरी, पण आत ४५ माणसे बसतात. तिचा गुणाकार तुम्हीच करा. तो झाल्यावर कळेल की, आमच्या चार लाखांच्या सगळ्या खटाटोपाला ती लाल गाडी केव्हाच मागे टाकून गेलेली आहे. फक्त ती दीड वाजता फाट्यावर यायला हवी होती.

करून पाहा

मोटार नसली तरी सायकल आहे. शाळेच्या मैदानावर एक सरळ सपाट पट्टा आखा. सायकल थोडी पळवून एका रेघेवर पायडल मारणे थांबवा आणि ती किती लांब जाते ते टेपने मोजा. रेघेच्या आधीचे ५ मीटर किती सेकंदांत गेले ते मित्राने घड्याळावर पाहावे. त्यावरून वेग मिळेल. पाच वेळा करून सरासरी काढा. मग दोन्ही टायरांतली निम्मी हवा सोडा आणि पुन्हा करा, नंतर मागे मित्राला बसवून करा. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की मंदन मिळते, आणि त्याला ९.८ ने भागले की आपला तो १.२ टक्के म्हटलेला आकडा तुमच्या सायकलीसाठी हाती येतो. मित्र मागे बसल्यावर तो बदलतो का, आणि बदलत नसेल तर का नाही, हे आधी ओळखून लिहून ठेवा आणि मगच मोजायला लागा.